आई फोनवर छान बोलते, मग वहिनी का चिडतात?

प्रश्न : आम्ही डॅलसला, आई पुण्यात दादा-वहिनींकडे. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. रविवारी व्हिडिओ कॉलवर आई छान बोलते. परवा मात्र म्हणाली, “सकाळपासून कुणी खायला दिलं नाही.” वहिनींना विचारलं, तर त्यांनी फोनच ठेवला. आईचे हाल होत असतील का?

उत्तर : वहिनींना नेमकं काय विचारलंत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. “आई जेवल्या का?” हे वेगळं आणि “आईला खायला का दिलं नाही?” हे वेगळं.

या आजारात ताजी आठवण आधी जाते. मंगळागौरीची गाणी तोंडपाठ असतात, पण उपम्याची खरकटी बशी अजून सिंकमध्ये असताना ‘मी उपाशी आहे’ असं आई सांगते, आणि ते तिला खरंच वाटत असतं. त्यात परदेशातल्या लेकाचा फोन म्हणजे पाहुणा आल्यासारखंच. दहा मिनिटं सगळं बळ एकवटून ती नीट बोलते. संध्याकाळी तीच आई पिशवी भरून दाराशी उभी, “मला घरी सोडा.” त्या वेळी तुमच्याकडे सकाळचे आठ, ऑफिसची घाई. हे तुम्हाला दिसणार कसं?

हे सगळं वहिनी रोज निभावतात. पण दिवसभर करून वर घरच्यांनीच संशय घेतला, की माणूस खचतं. दादा यात कुठे आहेत, तेही पत्रात नाही. (बहुतेक पत्रांत मुलगे नसतातच, सुना असतात.)

आधी वहिनींची माफी मागा, आढेवेढे न घेता. तरीही काळजी वाटत असेल तर आईचं वजन दर महिन्याला विचारा. ते उतरत असेल तर डॉक्टरांशी बोला, कारण या आजारात वजन तसंही उतरू शकतं. शेजाऱ्यांकडून खबर मात्र काढू नका. दुपारी चार तास मावशी ठेवायला सांगा. पगार तुमचा, निवड वहिनींची.

आणि रजा काढा. अमेरिकेत १९९३च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्यानुसार पात्र नोकरदाराला गंभीर आजारी आई-वडिलांसाठी वर्षात १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते. आई भारतात असली तरी चालते, तिथल्या डॉक्टरांचा दाखला लागतो. या कायद्यात सासू मात्र येत नाही, त्यामुळे बायकोला पाठवून भागणार नाही. तुम्हालाच जावं लागेल.