मेनफ्रेमवरचा रोजचा कोबोल जॉब प्रोग्रॅम न बदलताही एस०सी७ या एरर कोडने अबेंड झाला (मध्येच बंद पडला), चूक कुठे शोधू?
आधी इनपुट फाइल तपासा. एस०सी७ म्हणजे आकडेमोडीच्या फील्डमध्ये आकडा नसलेलं काहीतरी आलंय. फाइल उघडून हेक्स ऑन करा, म्हणजे प्रत्येक बाइट हेक्स आकड्यांत दिसेल. ४ बाइटच्या कॉम्प-३ (पॅक्ड, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक ठेवणाऱ्या) फील्डमध्ये ४०४०४०४० दिसलं, तर त्या नुसत्या स्पेस आहेत. पॅक्ड आकड्याच्या शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असतं, साधारणपणे सी, डी किंवा एफ; तिथे शून्य चालत नाही. जॉब अगदी शेवटच्या रेकॉर्डवर पडला असेल तर ट्रेलर (फाइलच्या शेवटचा समारोपाचा रेकॉर्ड) डिटेल, म्हणजे नेहमीचा डेटा रेकॉर्ड, म्हणून वाचला जातोय का, हे मी सगळ्यात आधी बघतो. मात्र पहिल्याच रेकॉर्डवर पडला, तर बहुधा फाइलचा लेआउट बदललाय आणि तुमचं कॉपीबुक (प्रोग्रॅममधलं रेकॉर्डच्या फील्डचं वर्णन) जुनंच आहे. कृपया खराब फील्डमध्ये शून्य भरून रीस्टार्ट करू नका, बेरजा गुपचूप चुकतात.