झोतवाले क्वेसार महिनोन्‌महिने का भडकलेले राहतात?

तुमचा प्रश्न असा, की झोत (जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकली जाणारी द्रव्याची धार) असलेला दूरचा क्वेसार (महाकाय कृष्णविवरामुळे तळपणारं दीर्घिकेचं केंद्र) महिनोन्‌महिने प्रखर राहतो तो कृष्णविवरात एकदम जास्त वायू पडल्यामुळे का? वायूचा हात असेलही, पण मी आधी झोताच्या कोनाकडे बघतो.

सीटीए १०२ या क्वेसारचंच घ्या. २०१६ च्या डिसेंबरअखेरीस तो आपल्या किमान तेजापेक्षा सुमारे ६ प्रतींनी (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी) उजळला, म्हणजे जवळजवळ २५० पट. पार ११ व्या प्रतीच्या आसपास पोचला, हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणीत सहज सापडेल इतका. आणि हा प्रकाश निघालेला जवळपास ८ अब्ज वर्षांपूर्वी! भडका काही महिने टिकला.

नेहमीचं उत्तर म्हणजे झोतातून धक्कालहर जाते, इलेक्ट्रॉनांना वेग मिळतो आणि चुंबकीय क्षेत्रात फिरताना ते प्रकाश फेकतात. तासा-दिवसांच्या भडक्यांना हे चपखल बसतं. पण दृश्य प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन ऊर्जा फार लवकर गमावतात. शिवाय प्रकाशाच्या ९९.८ टक्के वेगाने जवळपास आपल्याच रोखाने येणारा वायूचा गोळा आपल्या चार महिन्यांत प्रत्यक्षात पन्नासेक प्रकाशवर्षं पुढे सरकलेला असतो. तोवर तो पसरून विरायला हवा.

आता वेग तोच ठेवा आणि झोताचा आपल्या दृष्टिरेषेशी असलेला कोन ६ अंशांवरून २ वर आणा. डॉप्लर गुणांक (झोत आपल्याकडे येत असल्यामुळे त्याचं तेज किती वाढलेलं दिसेल ते ठरवणारा आकडा) साडेआठवरून चोवीसच्या घरात जातो. तेज निदान त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे सुमारे २३ पट. झोतात जादा काहीही न घडता!

खगोलशास्त्रज्ञ क्लाउडिया राइतेरी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सीटीए १०२ बद्दल हेच मांडलं: झोत पिळवटलेला आहे आणि दृश्य प्रकाश देणारा त्याचा भाग तेव्हा आपल्याकडे वळला. रेडिओ लहरी झोताच्या बाहेरच्या भागातून येतात, त्यामुळे त्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. झोत का वळतो? जोडीला दुसरं कृष्णविवर असेल किंवा झोतातलीच अस्थिरता.

याला तोडीस तोड दुसरी कल्पनाही आहे: वायूचा ढग झोतात शिरतो, थराथराने खरवडला जातो आणि महिनोन्‌महिने झोताला माल पुरवत राहतो. ती मला उडवून लावता येत नाही. तरी सावकाश चढणारी मोठी लाट कोनामुळे आणि तिच्यावरची तासाभराची टोकं धक्कालहरींमुळे, ही वाटणी मला जास्त पटते. मात्र नुसत्या दृश्य प्रकाशाच्या आलेखावरून निवाडा करू नका. रेडिओ आणि गॅमा किरणांचे आलेख शेजारी ठेवूनच बघा.