मधल्या अक्षराचा माग

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण काल रात्री वाचलं. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतल्या त्या अमिश (साधेपणाने, जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) शेतकऱ्याचा पसारा तू छान टिपला आहेस. दुधाच्या गायी, खेचरांच्या जोड्या, मक्याच्या चाऱ्याने भरलेले उंच सायलो, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण पहिल्याच पानावर 'शून्यातून वर आलेला माणूस' असं लिहिलं आहेस, तेवढं खोड. तो शून्यातून आलेला नाही आणि एकटाही आलेला नाही.

या घराण्यांचा धागा स्वित्झर्लंडपर्यंत जातो. 1525 मध्ये झुरिचमध्ये काही जणांनी मोठेपणी, स्वतःच्या मर्जीने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्याबद्दल 1527 मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं. याच पंथातून 1693 मध्ये याकोब अम्मान वेगळा झाला, त्याचे लोक ते अमिश. छळामुळे ही माणसं अल्सास (आजच्या फ्रान्सचा पूर्व भाग) आणि पॅलाटिनेटमध्ये (आजच्या जर्मनीचा नैऋत्य भाग) पांगली. तीस वर्षांच्या युद्धाने तिथली शिवारं ओस पडली होती आणि जमीनदारांना कसणारे हात हवे होते. जमीन दुसऱ्याची, उद्या हाकलतील याची धास्ती, तरी यांनी गोठ्यात गुरं बांधून शेणखत साठवलं, क्लोव्हर हा कस वाढवणारा चारा पेरून थकलेली माती पुन्हा उभी केली. 1712 मध्ये फ्रान्सच्या राजा चौदाव्या लुईने त्यांना अल्सासच्या खोऱ्यातून घालवून दिलं. तुझ्या शेतकऱ्याच्या भरल्या कोठाराचा पाया तिथला आहे. मातीची निगा त्यांनी सोबत अमेरिकेत नेली आणि लँकेस्टरच्या चुनखडीच्या कसदार जमिनीत ती फळाला आली.

आता होखस्टेटलर घराण्याची हकीकत, कारण अनेक अमिश घरांची वंशावळ फिरून त्यांच्याशीच येऊन मिळते. याकोब होखस्टेटलर 1738 मध्ये पेनसिल्व्हेनियात आला आणि नॉर्थकिल ओढ्याकाठी त्याने शेती केली. सप्टेंबर 1757, इंग्रज-फ्रेंच युद्ध चालू. फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या डेलावेअर आणि शॉनी या मूळनिवासी लोकांनी रात्री घराला वेढा घातला. जोसेफ आणि ख्रिश्चन या मुलांनी शिकारीच्या बंदुका उचलल्या. बापाने अडवलं. माणसावर गोळी झाडायची नाही, जीव गेला तरी. घर पेटलं, सगळे तळघरात उतरले, सफरचंदाचा रस शिंपडून विस्तव विझवत राहिले. बायको, एक मुलगा आणि एक मुलगी मारली गेली, बाप आणि दोघं मुलगे कैद झाले. बाप पुढच्या वर्षी निसटला. मुलं परत मिळावीत म्हणून त्याने 1762 मध्ये गव्हर्नरकडे अर्ज केला आणि काही वर्षांनी दोघं परत आली. हा प्रसंग लिहिशील तेव्हा डेलावेअरांची जमीन कशी गेली तेही लिही. तो भाग गाळलास तर ही गोष्ट अर्धीच राहील.

एवढं सोसलेलं घराणं पैशाकडे कसं बघतं, ते जमीन पुढच्या पिढीकडे जाते तेव्हा कळतं. बऱ्याच घरांत मूळ शेत धाकट्या मुलाकडे जातं. थोरले लग्न करून निघतात तेव्हा बाप अजून कामाचा असतो, धाकट्याची वेळ येईपर्यंत तो थकलेला असतो. मग शेत मुलाला बाजारभावापेक्षा कमी दरात विकतो आणि आई-वडील शेजारच्या 'ग्रॉसडाडी' म्हणजे आजोबांच्या घरात राहायला जातात. सज्ञान होईपर्यंत मुलांची कमाई आई-बापाच्या हाती जाते, तीच थोरल्यांच्या शेतखरेदीला उपयोगी पडते. आता शेतीवर जगणारी अमिश घरं निम्म्याहूनही कमी उरली आहेत, म्हणून तुझ्या शेतकऱ्याला शेत कुणाकडून, कुठल्या दराने मिळालं हे नक्की शोध.

नावांच्या बाबतीत तुझी फजिती होणार. तिथे आडनावं मोजकी आणि ठरावीक नावं पुन्हा पुन्हा. स्टोल्टझफुस आडनावाचे तर जवळजवळ सगळे 1766 मध्ये आलेल्या एकट्या निकोलसचे वंशज. एका गावात एकाच नावाची चार माणसं सापडतील. तेव्हा मधलं अक्षर बघ. आपण मधे बापाचं नाव लावतो, तिथे बहुतेकदा आईच्या माहेरच्या आडनावाचं पहिलं अक्षर लावतात. तुझ्या टिपणात बायका स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या आहेत. या एका अक्षराने तू त्यांच्या माहेरापर्यंत पोचशील.

एकदा अशाच एका घरी मी सरळ विचारलं होतं, एवढी जमीन कशी जमवली? यजमान गप्प झाले, टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. गर्वाला ते 'होखमूट' म्हणतात आणि त्यांच्या लेखी तो मोठा दोष. मी त्यांना स्वतःची स्तुती करायला लावत होतो, हे उशिरा लक्षात आलं. त्याची खंत अजून वाटते. थोड्या वेळाने आजींनी जर्मन बायबल आणून माझ्यापुढे उघडलं. पहिल्या कोऱ्या पानावर वळणदार अक्षरांत जन्म-मृत्यू लिहिलेले होते. एका नावापुढे दोन्ही तारखा एकाच आठवड्यातल्या. त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि मग अर्धा तास त्याच बोलल्या.

तेव्हा या खेपेला गायी मोजू नकोस, आजींजवळ बस. कॅमेरा काढू नकोस. ऑक्टोबरातच जा, कारण नोव्हेंबरात मंगळवारी-गुरुवारी लग्नं असतात आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. लग्नाच्या जेवणाला सेलरीची भाजी खूप लागते, म्हणून परसात तिच्या ओळी नेहमीपेक्षा जास्त दिसल्या तर कुणाचं लग्न ते विचारू नकोस. त्यांनी अजून जाहीर केलेलं नसेल.

तुझा,
काका