पोप बदलले की कॅथलिक चर्चमधल्या प्रथाही बदलतात का?

श्रद्धेची मूळ शिकवण पोपांच्या आवडीनिवडीने बदलत नाही, प्रथा मात्र बदलतात. पोप फ्रान्सिस यांच्या काळात त्या कशा बदलल्या, हे मी कॅथलिक म्हणून फार आस्थेने पाहिलं. ते आधी करून दाखवत. नियम मागाहून येई.

पवित्र गुरुवारचा, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारचा, पाय धुण्याचा विधीच पाहा. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी पवित्र सप्ताहाच्या विधींची फेररचना केली, तेव्हा याला संध्याकाळच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) जागा मिळाली. पण पाय धुवायचे ते निवडक पुरुषांचेच, असं नियमात होतं. २८ मार्च २०१३ रोजी, निवड होऊन पंधरवडाच झालेला असताना, फ्रान्सिस मोठी बॅसिलिका (मानाचं भव्य चर्च) सोडून रोममधल्या कासाल देल मार्मो या अल्पवयीनांच्या तुरुंगात गेले. तिथे त्यांनी गुडघ्यांवर बसून बारा जणांचे पाय धुतले आणि चुंबले. त्यांत दोन मुली होत्या, त्यांतली एक मुस्लिम. नियम तेव्हा जुनाच होता, त्यामुळे काही धर्मकायदेतज्ज्ञ अस्वस्थ झाले. पोपांनीच नियम बाजूला ठेवला तर बाकीच्या धर्मगुरूंनी काय करायचं, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

उत्तर जानेवारी २०१६ मध्ये आलं. ‘पुरुष’ हा शब्द गेला आणि देवाच्या प्रजेतून, म्हणजे चर्चच्या सदस्यांतून, कोणालाही निवडता येईल असं ठरलं: स्त्रिया, तरुण, म्हातारे, आजारी. स्त्रियांना बसवायची सक्ती नाही, मोकळीक आहे. (केरळच्या सिरो-मलबार या, स्वतःची वेगळी उपासनापद्धत असलेल्या कॅथलिक चर्चने हा बदल फक्त लॅटिन विधीपुरता, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीपुरता आहे असं म्हणून जुनी पद्धत ठेवली.) गंमत म्हणजे त्याच वर्षी फ्रान्सिस या नव्या नियमाच्याही पुढे गेले. कास्तेलनुओवो दी पोर्तोच्या निर्वासित केंद्रात त्यांनी ज्यांचे पाय धुतले त्यांत मुस्लिम होते, एक भारतीय हिंदूही होता. मला हे मनापासून पटतं. शिष्यांचे पाय धुणाऱ्या गुरूची आठवण करायची, तर सोयीच्या माणसांपुरती कशी करायची?

राहण्या-पेहरावाचं तसं नाही. राजप्रासादाऐवजी सांता मार्ता या अतिथिगृहात राहणं, लाल खांदेवस्त्र न घालणं, उन्हाळ्यात पोपांच्या कास्तेल गांदोल्फो या निवासस्थानी न जाणं, यांतलं काहीच पुढच्या पोपांवर बंधनकारक नव्हतं. मे २०२५ मध्ये निवड झाल्यावर नवे पोप लिओ चौदावे लोकांसमोर सज्जात आले ते लाल खांदेवस्त्र घालून, आणि जुलैत कास्तेल गांदोल्फोलाही गेले. मला त्यात फ्रान्सिस यांचा अवमान दिसत नाही.

अंत्यविधीचं मात्र त्यांनी २०२४ मध्येच नियमांत लिहून घेतलं. एकात एक अशा तीन शवपेट्यांची जुनी रीत बंद झाली. आता आत जस्ताचं अस्तर असलेली लाकडाची एकच पेटी. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचं स्वतःचं दफन त्याच पद्धतीने सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकेत झालं, आणि पुढच्या पोपांसाठीही आज हाच विधी लागू आहे.