कानात मेणाचे बोळे घालावेत का?

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी होमरचं 'ओडिसी' हे ग्रीक महाकाव्य वाचते आहे. युद्धदेव आरीस आणि प्रेमदेवता ॲफ्रोडायटी चोरून भेटतात आणि जाळ्यात सापडतात, ती गोष्ट तिने परवा धाकट्या भावाला अशी रंगवून सांगितली की दोघंही हसून लोळली. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे तेव्हा घरी होते. "ख्रिस्ती घरात हे ग्रीक संस्कार कशाला?" म्हणाले. पुस्तक काढून घेऊ का?
— एक आई

उत्तर : ताई, पुस्तक राहू द्या. नेमक्या याच गोष्टीबद्दलची तक्रार एका ग्रीकानेच करून ठेवली आहे, हे त्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा. तरुणांच्या कानावर काय पडू नये याची चर्चा तत्त्वज्ञ प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये केली, तीत या जोडीला बांधून ठेवल्याची कथा आहे.

शब्बाथ शाळेत 'कुसंगतीने नीती बिघडते' हे वचन घडाघडा म्हणून मी बक्षीस मिळवलं होतं. पुष्कळ वर्षांनी कळलं, की १ करिंथ १५:३३ मधली ही ओळ मूळची मिनॅन्डर या ग्रीक विनोदी नाटककाराची मानतात. बक्षीस परत करावं की काय, असं क्षणभर वाटून गेलं! ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला त्याचा संकोच वाटलेला दिसत नाही. इफिस ६:४ मध्ये तो बापांना बजावतो, मुलांना चिरडीस आणू नका. आणि पुढे त्यांना कशात वाढवायचं हे सांगताना शब्द वापरतो 'पायदेइया'. व्यायाम, संगीत, काव्य यांतून माणूस घडवण्याला ग्रीक लोक जे म्हणत, तोच हा शब्द. पौलाने त्याला जोडलं एवढंच, की ही घडण प्रभूची.

चौथ्या शतकातला ख्रिस्ती बिशप बासिल स्वतः अथेन्सला शिकलेला. ग्रीक साहित्य कसं वाचावं यावर त्याने तरुणांसाठी एक छोटा ग्रंथ लिहिला. मधमाशी सगळ्या फुलांवर बसत नाही, आणि बसते त्यातलंही सगळं उचलत नाही, तसं वाचा, असं त्याचं म्हणणं. 'ओडिसी'चा नायक ओडिसियस जहाज फुटून उघडावाघडा किनाऱ्याला लागतो, तरी राजकन्या त्याचा मान राखते. सद्गुण हेच त्याचं वस्त्र, असा अर्थ बासिलने काढला. तुमच्या लेकीची हशा पिकवणारी गोष्ट तिथून दोनच सर्ग पुढे आहे. वाईट प्रसंग आला की मात्र ओडिसियसने खलाशांना भुलवून मारणाऱ्या सायरनांच्या गाण्यापुढे बंद केले तसे कान बंद करा, असंही तो सांगतो. इथे बासिलबाबांची थोडी गफलत झाली. मेण खलाशांच्या कानात होतं. ओडिसियसने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं आणि गाणं पुरतं ऐकलं.

मला काळजी वेगळ्याच ठिकाणी वाटते. देवांच्या भानगडी मुलं हसतात आणि विसरतात. पण होमरच्याच 'इलियड'मध्ये पेलेउस आपल्या मुलाला, ॲकिलीसला, युद्धावर धाडताना सांगतो : नेहमी सर्वांत श्रेष्ठ हो, इतरांच्या वरचढ राहा. ग्रीक शिक्षणाचा कणाच हा. 'नम्र' या अर्थाचा त्यांचा शब्द, 'तापेइनोस', बहुधा हलक्या, दबलेल्या माणसासाठी वापरला जाई. पौल त्याच शब्दाच्या कुळातला शब्द घेऊन फिलिप्पै २:३ मध्ये लिहितो, की लीनतेने दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना. दोन्ही उपदेश एका घरात सुखाने नांदत नाहीत. आणि खरं सांगू? पेलेउसचं वाक्य आपल्या घरात शिरायला होमर लागत नाही, गुणपत्रिका पुरते. त्या वडीलधाऱ्यांच्या घरीही ते असेल.

तेव्हा लेकीला ही दोन वाक्यं शेजारी शेजारी वाचायला द्या आणि तिला काय वाटतं ते ऐका. ॲकिलीसचं पुढे काय झालं, ते तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

धाकट्यासाठी क्रिसोस्तोम या बासिलच्याच काळातल्या धर्मोपदेशकाची युक्ती सांगतो. संध्याकाळी मुलाला काइन आणि हाबेलची गोष्ट सांगा, दुसऱ्या एखाद्या दिवशी ती त्याच्याकडून वदवून घ्या. मग तीच गोष्ट उपासनेत वाचली जाईल तेव्हा त्याचा हात धरून न्या. इतरांना ठाऊक नसलेलं आपल्याला ठाऊक आहे, या आनंदाने पोरगा उड्या मारेल. गोष्ट सांगायचं काम क्रिसोस्तोमने बापाकडे दिलं आहे. आईने शेजारी बसून दाद द्यायची.

पत्र तुम्ही लिहिलंत, वडीलधाऱ्यांचं ऐकून घेतलंत तेही तुम्हीच. मुलांचे वडील त्या वेळी काय करत होते?