‘स्ट्राँगली रिलक्टंट’ का खटकते?

प्रश्न : मी विक्रोळीला राहते आणि फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करते. माझी बदली पनवेलच्या शाखेत करण्याचे घाटत आहे. रोज कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी पकडणे माझ्या जिवावर येते, म्हणून साहेबांना इंग्रजीत लिहिले की मी तिकडे जाण्यास ‘स्ट्राँगली रिलक्टंट’ आहे. शेजारच्या सहकाऱ्याने मसुदा वाचून ‘स्ट्राँगली’च्या जागी ‘एक्स्ट्रीमली’ घातले, पण कारण त्याला सांगता येईना. माझे व्याकरण कोठे चुकले? तीव्र नाखुशी दाखवणाऱ्या आणखी कोणत्या जोड्या इंग्रजीत रूढ आहेत?

उत्तर : व्याकरण कोठेच चुकलेले नाही, सहकाऱ्याच्या कानाला खटकली ती शब्दांची संगत. मराठीत नकार ‘साफ’ किंवा ‘ठाम’ असतो आणि विरोध ‘कडाडून’ होतो. कोणी ‘कडाडून नकार दिला’ असे लिहिले, तर अर्थ पोहोचतो, पण वाचणारा क्षणभर अडखळतो. अशा रुळलेल्या जोड्यांना इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात, आणि शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये नेमक्या शब्दांत मांडले होते.

‘रिलक्टंट’ ही मनाची अवस्था आहे, त्यामुळे तिच्याशी मात्रा किंवा खोली सांगणारे शब्द जुळतात : ‘व्हेरी रिलक्टंट’, ‘एक्स्ट्रीमली रिलक्टंट’, ‘डीपली रिलक्टंट’. ‘हायली रिलक्टंट’ही अधूनमधून वाचायला मिळते, पण मी स्वतः ते लिहिणार नाही. ‘स्ट्राँगली’ला मात्र बाहेर जोर लावणारे क्रियापद लागते, म्हणून ‘स्ट्राँगली ऑब्जेक्ट’, ‘स्ट्राँगली अपोज’, ‘स्ट्राँगली डिसअग्री’ या जोड्या सहज वाटतात. ‘अनविलिंग’चा कल पुन्हा वेगळा आहे, तयारी मुळीच नाही असे सांगायचे असते तेव्हा त्याच्याआधी ‘टोटली’ किंवा ‘कम्प्लीटली’ येते. नामाचा प्रयोग करायचा असल्यास ‘विथ ग्रेट रिलक्टन्स’ हा सर्वांत रुळलेला. तेथे ‘बिग’ चालत नाही.

तुमच्या पत्रात क्रियाविशेषणापेक्षाही ‘रिलक्टंट’ हाच शब्द अधिक जोखमीचा आहे, असे मला वाटते. लॅटिनमधील ज्या क्रियापदापासून तो आला, त्याचा अर्थ ‘विरुद्ध झगडणे’ असा होता. आजच्या इंग्रजीत मात्र तो झगडा बहुतेक वेळा मनातल्या मनातच राहतो आणि माणूस अखेरीस ते काम करतोही. ‘रिलक्टंटली अग्रीड’, म्हणजे नाइलाजाने होकार दिला, ही जोडी इंग्रजीत फार वापरली जाते, ती त्यामुळेच. तेव्हा ‘एक्स्ट्रीमली रिलक्टंट’ वाचून साहेब असे समजू शकतील की बाई कुरकुर करतील, पण पनवेलला जातील.

नकारच द्यायचा असेल, तर इंग्रजीत ‘फ्लॅटली रिफ्यूज’ म्हणतात, किंवा अगदी जवळून झाडलेल्या गोळीच्या प्रतिमेवरून ‘रिफ्यूज पॉइंट-ब्लँक’. दोन्ही प्रयोग सहसा दुसऱ्याने दिलेल्या नकाराचे वर्णन करताना शोभतात. स्वतःच्या साहेबांना लिहिलेल्या अर्जात ते उर्मट वाटतील. तुमच्यासाठी मधली वाट ‘सीरियस रिझर्व्हेशन्स’ची, आणि ती इथे गाडीच्या आरक्षणाची नव्हे, तर मनातल्या गंभीर हरकतींची. ‘आय हॅव सीरियस रिझर्व्हेशन्स अबाउट द ट्रान्सफर’ असे लिहून पुढच्याच वाक्यात प्रवासाची अडचण मांडावी. एवढ्यावर भागत नसेल, तर ‘आय स्ट्राँगली ऑब्जेक्ट’ आहेच, आणि तेथे तुमचे ‘स्ट्राँगली’ अगदी योग्य जागी बसेल.

‘लोथ’ हा शब्दही कधी भेटेल. ‘लोथ टू लीव्ह’ म्हणजे निघायला मन न घेणे. त्याच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर जोडले की उच्चार ‘लोद’च्या जवळ जातो आणि अर्थ ‘किळस येण्याइतका तिरस्कार करणे’ असा होतो, एवढे मात्र अर्ज टाइप करताना पाहून घ्यावे.