ऑफिसच्या प्रॉक्सीमागे डॉकर कंटेनरला नेट कसं द्यायचं?

तुमचं म्हणणं असं की उबुंटूवर शेलमध्ये प्रॉक्सी एक्सपोर्ट केलीय, कर्ल मस्त चालतं, तरी डॉकर पुल टाइमआऊट होतो आणि इमेज आधीची पडलेली असली तरी बिल्ड ॲप्ट अपडेटवर अडकून बसतं. सेटिंग चुकलेलं नाहीये, फक्त प्रॉक्सी तुम्ही दिलीत शेलला आणि बाहेर जाणारं कोणीतरी दुसरंच आहे. त्यामुळे अडकलं की आधी एवढंच विचारायचं, आत्ता नेटवर जातंय कोण?

पुल टाइप तुम्ही करता, पण इमेज आणतो डॉकर डीमन (मागे सतत चालणारा डॉकरचा प्रोग्रॅम), आणि त्याला सिस्टमडीने, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, सुरू केलेलं असतं, तुमच्या शेलमधले व्हेरिएबल त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. इंजिन २३ किंवा पुढचं असेल तर इटीसीखालच्या डॉकर फोल्डरमध्ये डीमन डॉट जेसन फाइलीत प्रॉक्सीज हा भाग टाका. जुनं असेल तर सिस्टमसीटीएल एडिट डॉकर करून सर्व्हिस सेक्शनमध्ये एन्व्हायरन्मेंटच्या ओळी लिहा. मग डॉकर रीस्टार्ट, पण चालू कंटेनर सहसा त्यात बंद पडतात, म्हणून टीमला सांगून करा. नंतर डॉकर इन्फो मारला की प्रॉक्सीच्या ओळी दिसल्या पाहिजेत, नाही दिसल्या तर पुढे जाऊच नका. पासवर्डमध्ये ॲटचं चिन्ह असेल तर त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे चार-शून्य लिहावं लागतं, आणि सिस्टमडीच्या फाइलीत तो टक्का दोनदा, कारण एकट्या टक्क्याचा सिस्टमडी स्वतःचा अर्थ लावतो. याच्यावर लोकांचे दिवस जातात हो.

आता बिल्ड आणि कंटेनर. इथे जाणारा डीमन नाही, आतलं ॲप्ट, पिप, एनपीएम वगैरे. त्यांच्यासाठी होम फोल्डरमधल्या डॉट डॉकरमध्ये कॉन्फिग डॉट जेसन, त्यात प्रॉक्सीज, त्याखाली डीफॉल्ट, आणि तिथे एचटीटीपी प्रॉक्सी, एचटीटीपीएस प्रॉक्सी आणि नो प्रॉक्सी या तिन्हींच्या किंमती. एचटीटीपीएसवाल्या प्रॉक्सीचा पत्तासुद्धा बहुतेक वेळा एचटीटीपीनेच सुरू होतो, ते बरोबर आहे, बदलू नका. डॉकर मग हे व्हेरिएबल लहान आणि कॅपिटल दोन्ही अक्षरांत कंटेनरमध्ये टाकतो. हाताने देत असाल तर तुम्हीही दोन्ही द्या, कारण कर्ल कॅपिटलमधला एचटीटीपी प्रॉक्सी मुद्दाम वाचत नाही, सीजीआयमध्ये (वेब सर्व्हर जिथे रिक्वेस्टचे हेडर प्रोग्रॅमला व्हेरिएबल म्हणून देतो) बाहेरून आलेला प्रॉक्सी नावाचा हेडर नेमका त्याच नावाचा व्हेरिएबल बनतो म्हणून (२०१६ मध्ये एचटीटीपॉक्सी म्हणून गाजलं ते हेच). आणि सुडो लावून डॉकर चालवत असाल तर रूटच्या होममधली फाइल वाचली जाते, तुमची नाही. जुन्या कंटेनरला यातलं काही लागू होत नाही, ते नव्याने बनवावे लागतात, नुसता रीस्टार्ट पुरत नाही.

डॉकरफाइलमध्ये ईएनव्ही लिहून प्रॉक्सी टाकू नका, कळकळीने सांगतोय. ती इमेजमध्ये कायमची बसते, पासवर्डसकट, आणि इमेज दुसरीकडे नेली की तिथे ती प्रॉक्सी नसल्याने सगळं लटकतं. बिल्ड आर्ग्युमेंट म्हणून दिली तर प्रॉक्सीच्या नावांसाठी एआरजी लिहावं लागत नाही आणि डॉकर हिस्टरीतही दिसत नाही.

सीएनटीएलएमसारखी लोकल प्रॉक्सी (तुमच्याच मशीनवर चालून ऑफिसच्या प्रॉक्सीला तुमचं लॉगिन देणारी) १२७.०.०.१ वर ३१२८ पोर्टला चालवत असाल तर तो पत्ता कंटेनरमध्ये चालणार नाही, आत १२७.०.०.१ म्हणजे कंटेनर स्वतः. लिनक्सवर ॲड-होस्ट देऊन होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल हे नाव होस्ट-गेटवेला जोडा (२०.१० पासून चालतं), आणि प्रॉक्सीलाही ब्रिजच्या (डॉकरच्या आतल्या नेटवर्कचं होस्टकडचं टोक) पत्त्यावर, बहुधा १७२.१७.०.१ वर, ऐकायला लावा. सगळ्या इंटरफेसवर उघडी मात्र ठेवू नका, नाहीतर तुमच्या लॉगिनवर अख्खं ऑफिस बाहेर जाईल.

नो प्रॉक्सी, म्हणजे कोणत्या पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरायची नाही ती यादी, लोक विसरतात आणि तिथेच सगळ्यात विचित्र एरर येतात. कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवायचं डॉकरचं टूल) एक सर्व्हिस दुसरीला एपीआय या नावाने हाक मारते, ती रिक्वेस्ट जाते ऑफिसच्या प्रॉक्सीकडे, तिला ते नाव माहीत नाही, ती एचटीएमएलचं एरर पेज पाठवते आणि तुमचा जेसन पार्सर पहिल्याच कोनी कंसावर आपटतो. लॉगमध्ये प्रॉक्सीचं नावसुद्धा नसतं! म्हणून लोकलहोस्ट, १२७.०.०.१, प्रत्येक सर्व्हिसचं नाव आणि ऑफिसची अंतर्गत डोमेन तिथे लिहाच. आयपीच्या रेंजवर भरवसा ठेवू नका, कर्ललाच ती ७.८६ पासून कळायला लागली, बाकी टूल्सचं प्रत्येकाचं वेगळं. जावा तर हे व्हेरिएबल आपणहून बघतच नाही, त्याला प्रॉक्सी होस्ट आणि पोर्ट जेव्हीएमच्या ऑप्शनमधून द्यावे लागतात आणि नॉन प्रॉक्सी होस्ट्समध्ये स्वल्पविरामाऐवजी उभी रेघ.

एवढं करून टाइमआऊट गेला आणि सर्टिफिकेटची एरर आली तर प्रॉक्सी लागलेली आहे, फक्त ती टीएलएसचं, म्हणजे एचटीटीपीएसचं, एन्क्रिप्शन वाटेतच उघडून बघतेय. आयटीकडून रूट सर्टिफिकेट मागा, डेबियन किंवा उबुंटूच्या इमेजमध्ये यूएसआर, लोकल, शेअरखालच्या सीए-सर्टिफिकेट्स फोल्डरमध्ये सीआरटी एक्स्टेन्शननेच कॉपी करा, मग अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवा. नोडला आणि पायथनच्या रिक्वेस्ट्सला त्याचा पाथ वेगळ्या व्हेरिएबलने द्यावा लागतो. होस्टवरही तेच सर्टिफिकेट टाकून डॉकर रीस्टार्ट करा, म्हणजे पुललाही अडचण येणार नाही. व्हेरिफिकेशन बंद करणारा फ्लॅग कोणी सुचवला तरी लावू नका.